‘प्लॉट होल’ म्हणजे छिद्र, भगदाड की निसटलेला दुवा?

एका वाचकाचा प्रश्न असा: धाडसी चोरीच्या (इंग्रजीत ‘हाइस्ट’) सिनेमाबद्दल लिहिताना ‘प्लॉट होल’साठी, म्हणजे कथानकात तर्क तुटतो त्या जागेसाठी, ‘कथानकातील छिद्र’ चालेल का? आणि ‘हाइस्ट’ म्हणजे दरोडाच ना? सगळं नीट जुळून येणाऱ्या ‘गोड शेवटा’चाही त्यात उल्लेख आहे.

आधी दरोडा. बोलण्यात खपून जातो, पोलिसांच्या कागदावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० प्रमाणे दरोड्याला किमान पाच जण लागतात, शिवाय मारहाण, अडवणूक किंवा धाक लागतो. चौघांनी तेच केलं की जबरी चोरी. रात्री भिंत फोडून, कोणाच्या केसालाही धक्का न लावता तिजोरी साफ केली तर घरफोडी. ‘हाइस्ट’चा जीव बहुधा या शेवटच्या प्रकारातल्या हिकमतीत असतो. (शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक आठवा. पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाच्या, म्हणजे भरल्या घड्याच्या, आकाराचं भोक शोभेल असं ठरवतो आणि मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्यानं माप घेतो!) वर्तमानपत्रांनी रुळवलेला ‘धाडसी चोरी’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, सिनेमाच्या प्रकाराला ‘चोरीपट’ म्हणावं.

आता छिद्र. अर्थानं ते चुकीचं नाही, छिद्र म्हणजे दोष हा अर्थ जुनाच आहे. पण ‘छिद्रान्वेषी’मुळे त्याचा रोख दोष काढणाऱ्याकडे वळतो. छिद्र दाखवणारा खवचट ठरतो आणि पटकथाकार सुटतो. शिवाय प्रत्येक चुकीला एकच शब्द पुरत नाही.

‘ओशन्स इलेव्हन’ (२००१) घ्या. पाहिला नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद वगळा. लास व्हेगासमधल्या तीन कॅसिनोंची एकच तिजोरी, आत सोळा कोटी डॉलर. चोरांच्या धमकीवरून पिशव्या व्हॅनमध्ये भरल्या जातात; पुढे कळतं की त्यांत नोटा नाहीत, जाहिरातीची पत्रकं आहेत. ती तिजोरीत आली कशी? लिफ्टच्या बोगद्यातून उतरलेल्यांकडे एवढं ओझं दिसत नाही. पोलिसांच्या वेषात आलेल्या साथीदारांनी आणली म्हणावं, तर पिशव्या त्याआधीच बाहेर पडलेल्या. जो खुलासा द्यावा तो सिनेमानंच दाखवलेल्या गोष्टीशी भांडतो, म्हणून हे भगदाड. पडद्याबाहेरच्या एका वाक्यानं भागलं असतं (‘पहारेकरी आधीच फितवला होता’), तर मी ‘निसटलेला दुवा’ म्हटलं असतं.

सोळा कोटींचं वजन मात्र वेगळी गोष्ट. सगळ्या शंभराच्या नोटा धरल्या तरी १६ लाख नोटा; एक नोट साधारण एक ग्रॅमची, म्हणजे १,६०० किलो. इतका माल मोजक्या माणसांनी खांद्यावरून नेणं गळी उतरत नाही, पण सिनेमानं स्वतःचा नियम मोडलेला नाही. याला ‘अतर्क्य’ म्हणा, भगदाड नको. आणि ऐन वेळी पहारेकऱ्याला शिंक आली तर तो नुसता योगायोग.

‘सस्पेन्स’ला सरसकट ‘रहस्य’ म्हणतात, तिथेही घोटाळा होतो. चोरीचा बेत प्रेक्षकाला आधीच बारकाव्यानिशी सांगितला, तर पुढे काहीतरी फसणार हे ओघानंच आलं, नाहीतर तेच दोनदा पाहावं लागेल. तिथे जीव टांगणीला लागतो, ती उत्कंठा. बेत झाकून ठेवला तर ‘हे केलं कसं?’ हा प्रश्न उरतो, ते रहस्य. भगदाडं बहुतेक या दुसऱ्या प्रकारात पडतात, कारण झाकलेल्या जागी काय घडलं याचा हिशेब लेखकानंही ठेवलेला नसतो.

प्रश्नाच्या ओघात नीटनेटक्या शेवटाला ‘गोड शेवट’ म्हटलं आहे, ते पटत नाही. गोड म्हणजे माणसं सुखात. सगळे धागे जरा जास्तच चोख बांधले गेले असतील, तर कहाण्यांनी तयार शब्द दिलाय: ‘सुफळ संपूर्ण’. त्यातला किंचित चिमटाही अशा ठिकाणी हवाच असतो.