फोटोत सगळ्यात कडेला उभा असलेला

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. गेले आठ महिने आमच्या भागातल्या एका ‘भाई’च्या मागे असतो. मागच्या महिन्यात भाईचा बड्डे झाला, केक कोयत्याने कापला. त्या फोटोत हाही आहे. फोटो सोबत पाठवते. पोलिसांनी चौकीत बोलावून समज देऊन सोडलं. काही बोललं की म्हणतो, “आई, तुला कळत नाही, भाई बघून घेतो. मन्या सुर्वे पण शिकलेलाच होता.” त्याच्या वडिलांनी बोलणंच टाकलंय. मी त्याला काय सांगू?
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, फोटो पाहिला. भाई मधोमध, गळ्यात हार, आणि तुमचा मुलगा डावीकडे अगदी कडेला, अर्धा खांदा कापला गेलाय. पोलीस असल्या फोटोची प्रिंट काढून एकेका चेहऱ्याला पेनाने गोल करतात. कडेच्याला गोल लहान काढायची पद्धत नाही.

आधी मन्या सुर्वेचं. मुंबईचा हा गुंड बी.ए. होता, खरं आहे. 1969 मध्ये खुनाच्या गुन्ह्यात पकडला गेला, जन्मठेप झाली. 1979 च्या नोव्हेंबरात रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून पळाला आणि 11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुलाला बेरीज करायला सांगा. दहा वर्षं आत, आणि बाहेर पुरती सव्वादोन वर्षंही नाहीत. तीसुद्धा फरारीची.

आता मी ज्याची केस चालवली त्या पोराबद्दल सांगते. पकडला तेव्हा वीस वर्षांचा. भांडणात कोयता दुसऱ्याने चालवला, हा गाडीवर बसून होता. त्याला यातून काय मिळालं ते मी एकदा विचारलं होतं. आठवून आठवून सांगितलं : हप्त्यावरची गाडी (चार हप्ते भाईने भरले, पुढचे आईने), एक जॅकेट, मोबाईलचं रिचार्ज, रात्रीच्या पार्ट्या. आणि अधूनमधून हातावर टेकवलेली पाचशेची नोट. महिन्याचा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते, ती जास्त कमवत होती.

अटकेनंतर भाईने वकील दिला, पण स्वतःला आणि उजव्या हाताला. बाकीच्या सहा पोरांना निरोप आला, “थांबा, बघतो.” मग फोन बंद. तिसऱ्या आठवड्यात या पोराची आई माझ्याकडे आली, कानातली फुलं रुमालात बांधून. मी फी घेतली. खोटं कशाला बोलू, पंचवीस वर्षं माझं घर अशाच बायांच्या कानातल्यांवर चाललंय.

येरवड्यात पहिल्या मुलाखतीला ती गेली तेव्हा वाटलं होतं, पोरगा रडेल, नाहीतर भाईची खबर विचारेल. काचेपलीकडून फोन उचलून तो म्हणाला, “आई, खरजेचं मलम पाठव.” बरॅकमध्ये माणसं इतकी की रात्री एका कुशीवर झोपायचं, आणि नव्याला जागा मिळते संडासाच्या दाराशी. पुढचे सहा महिने माय-लेकाचं बोलणं मलम, चड्डी-बनियन आणि कॅन्टीनच्या मनीऑर्डरीपलीकडे गेलं नाही.

तारखांचंही ऐका. ती सकाळी दहाला शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्यात येऊन बसायची. कधी कळायचं, आज ‘पार्टी’ नाही, म्हणजे आरोपींना आणायला पोलीस मोकळे नाहीत. कधी व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओ कॉलवर हजर करायचे, मग कोर्टातल्या स्क्रीनवर दहा-बारा डोकी दिसायची आणि त्यातलं आपलं कुठलं ते कळायच्या आत पुढची तारीख पडायची. असा तिचा एक दिवसाचा खाडा, महिन्यातून दोनदा, तीन वर्षं.

तीन वर्षं का, तर मोक्का, म्हणजे संघटित टोळ्यांविरुद्धचा कायदा, लागला होता. हा भाग मुलाला नीट वाचून दाखवा, कारण इथेच या पोरांचा मोठा गैरसमज असतो. “माझ्यावर एकही केस नाही, मला मोक्का कसा लागेल?” लागतो. 1999 च्या या कायद्यात गेल्या दहा वर्षांतली एकापेक्षा जास्त आरोपपत्रं बघतात ती टोळीवरची. प्रत्येक पोरावर वेगळी असायलाच हवीत असं नाही. म्हणजे भाईने केलेले जुने उद्योग तुमच्या मुलाच्या गळ्यात, तेव्हा तो सहावी-सातवीत का असेना. आरोपपत्राला नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळते, जामीन अतिशय अवघड. टोळीचा नुसता सदस्य ठरला तरी शिक्षा कमीत कमी 5 वर्षं आणि दंड कमीत कमी 5 लाख. आमचं पोरगं शेवटी जामिनावर सुटलं, तर जामीनदार मिळेना. भाईच्या बड्डेला दीडशे माणसं होती म्हणे. सही करायला आला तो गावाकडचा मामा, सातबारा घेऊन, ज्याच्याशी याने दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

तुमच्या मुलावर अजून गुन्हा नाही, हे फार आहे. चॅप्टर केसची, म्हणजे चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायच्या कारवाईची, नोटीस आली तर घाबरू नका, पण टाळूही नका. त्याच्याबरोबर स्वतः जा. भाईने पाठवलेल्या वकिलाच्या कागदावर सही करू देऊ नका, तो वकील भाईचा असतो. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलेला आणि कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. वडिलांना सांगा, रागवा पण बोला. अबोला धरलेल्या घरातली पोरं भाईकडे जेवायला जातात. आणि त्याला एकदा चाकणच्या कंपनीत कामाला लावायचा प्रयत्न करा. हातात पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आहे तोवरच ते दार उघडं आहे.

एक दिवस त्याला घेऊन कोर्टाच्या त्या जिन्यात बसा. काही बोलू नका. मी बहुधा तिथेच असते.

प्रश्न : मला पुणे जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलंय. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे. रात्री गुपचूप येऊन पहाटे गेलो तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही चालणार. तडीपार पोरं पकडली जातात ती बहुतेक घरीच, आईच्या हातचं जेवताना. हद्दीत सापडलात की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 142 कलमाखाली नवा गुन्हा. त्याच कायद्याच्या 62 व्या कलमात तात्पुरतं परत येण्याच्या लेखी परवानगीची सोय आहे. ज्या कार्यालयाने आदेश काढला तिथे आजच अर्ज टाका, लग्नपत्रिका जोडा, कुठे उतरणार तो पत्ता लिहा. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय निघू नका. आणि हळदीचा दिवस अर्जात घालायला विसरू नका. लग्नाच्या दिवसाची परवानगी काढून आदल्या रात्री आलेला एक जण मला माहीत आहे. त्याला सोडवायला नवरी चौकीत आली होती, हातापायाला हळद तशीच.