एकाच चालीतले बाप-लेक

प्रश्न : ब्रिटिश गायक-गीतकार कॅट स्टीव्हन्स यांच्या ‘फादर अँड सन’ या गाण्याला बाप-लेकाच्या प्रेमाचे गीत म्हणतात. मला मात्र त्यात वादच ऐकू येतो. शिवाय दोघांच्याही ओळी एकच गायक का गातो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाद आहेच, आणि त्याचे मूळ गाण्याच्या जन्मकथेत सापडते. १९६९ मध्ये क्षयरोगाने अनेक महिने अंथरुणाला खिळल्यानंतर स्टीव्हन्स यांनी रशियन राज्यक्रांतीवर एक संगीतिका योजली होती. तिच्यातला मुलगा क्रांतीत उतरण्यासाठी घर सोडू पाहतो आणि शेतकरी बाप त्याला शेतावरच थांबवू पाहतो. संगीतिका रंगभूमीवर आली नाही. गाणे मात्र १९७० च्या ‘टी फॉर द टिलरमन’ या अल्बममध्ये आले आणि त्यात रशियाचा उल्लेखही उरला नाही.

प्रेम ऐकू येते ते चालीतून. बाप खालच्या, संथ स्वरात मुलाला समजावतो की, घाई करू नकोस, लग्न करून स्थिर हो. मुलगा बोलू लागतो तेव्हा आवाज वरच्या सप्तकात जातो आणि त्याला धार चढते, कारण आपले म्हणणे या घरात कधी कोणी ऐकूनच घेतले नाही, ही त्याची जुनी जखम आहे. तरीही तो ज्या चालीत ही तक्रार मांडतो, ती चाल बापाचीच असते. घर सोडायला निघालेल्या मुलाच्या ओठी बापाचाच सूर असावा, ही रचना मला फार हृद्य वाटते. गायक एकच असण्याचे मोलही मला इथेच जाणवते : दोन गळे असते, तर ऐकणाऱ्याने नकळत एकाची बाजू घेतली असती, एकाच कंठातून दोन्ही बाजू येतात तेव्हा निवाडा करणे अवघड होऊन बसते. उत्तरार्धात मागून आणखी स्वर मिसळतात आणि दोघे एकमेकांचे न ऐकता बोलतच राहतात.

आपण २०२० चे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. आता ‘यूसुफ / कॅट स्टीव्हन्स’ या नावाने गाणाऱ्या स्टीव्हन्स यांनी त्यात बापाच्या ओळी सत्तरी ओलांडलेल्या आवाजात नव्याने गायल्या आणि मुलाच्या ओळींसाठी १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात मुद्रित झालेला स्वतःचाच आवाज वापरला. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते.