प्रचाराचे फ्लेक्स वाचायला शिकताना

साताऱ्यातले फ्लेक्स आणि पत्रकं जमवून अभ्यासायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. रंगांचं मानसशास्त्र, कॅमेऱ्याचे कोन वगैरेत इतक्यात शिरू नका. ते सगळं पुढे.

आधी एवढंच विचारा: हे चित्र शब्दांवाचून काय सांगतंय? १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा आठवा. भर पावसात भिजत बोलणारे शरद पवार. त्या फोटोत एकही आश्वासन नाही, पण ‘आता वय झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. भाषणातली वाक्यं किती जणांच्या लक्षात आहेत? फोटो सगळ्यांच्या आहे.

मग चिन्ह. नवखी माणसं चेहऱ्यापाशीच थांबतात. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि एका अपक्षाकडे त्याच्याशी मिळतंजुळतं, लोक जिला पिपाणी म्हणतात ते चिन्ह. तुतारीवाला हरला, आणि पिपाणीची मतं विजयाच्या फरकाहून जास्त निघाली! त्याच वेळी सांगलीत अपक्ष विशाल पाटील लिफाफा घेऊन जिंकले.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- आपल्याच आवडत्या पक्षाचं जमवणं.
- फोटो काढताना तळ कापणं. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. ती ओळ हवीच.
- वरच्या पट्टीतले छोटे चेहरे सोडून देणं. कोण कुणाशेजारी आणि कोण गायब, यात गटातटाचं अख्खं राजकारण दिसतं. मला तर हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

या आठवड्यात पोवई नाका ते राजवाडा एक फेरी मारा. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि चौक तिथल्या तिथे लिहा.