नातू अजून बसत नाही

प्रश्न : माझा नातू रंगपंचमीला झाला, आठ आठवडे आधी. वजन 1600 ग्रॅम. 21 दिवस पेटीत होता. परवा आठ महिने झाले, तरी आधाराशिवाय बसत नाही. शेजारची त्याच आठवड्यातली मुलगी रांगायला लागली. वॉकर आणावा काय?
— एक आजी, कसबा बावडा

उत्तर : आक्का, आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा. जन्म रंगपंचमीचा असला तरी डॉक्टरांची तारीख बुद्धपौर्णिमेच्या सुमाराची होती ना? बसणं-रांगणं तिथून मोजायचं. त्या हिशेबानं बाळ सहा महिन्यांचं आहे, आणि सहाव्या महिन्यात हात टेकून बसलं तरी पुष्कळ. ही वजाबाकी दोन वर्षांचा होईपर्यंत करायची. लस मात्र जन्मतारखेनंच द्यायची. ‘अजून लहानगं आहे’ म्हणून लस लांबवणारी घरं मी फार पाहिली, जीव तुटतो.

नवजात विभागात 27 वर्षं नर्स होते, म्हणून सांगते, नुसत्या बसण्याकडे बघू नका. सतरंजीवर पालथा घाला. मान नीट उचलतो? खुळखुळा या हातातून त्या हातात घेतो? आईचा आवाज आला की वळतो? हे होत असेल तर घाबरू नका. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे अडकत असतील, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा एकच हात चालत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, अंगणवाडीताईंना विचारा.

तुम्ही न विचारलेलं एक. 2 किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद आहे का? नसेल तर याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कानांची तपासणीही विचारून घ्या.

वॉकर नको. त्यात पोरं चवड्यांवर रेटतात, उलटून पडतात. जमिनीवर लोळू दे, पालथं पडू दे, त्यातूनच पाठ धरते.

आणि शेजारणीसमोर सुनेला ‘अजून बसत नाही’ म्हणू नका. 21 दिवस ती त्या काचेबाहेर उभी होती. आज जेवणं आटोपली की दिनदर्शिका घेऊन तिच्याजवळ बसा, महिने तिलाच मोजू द्या.