उडते टोस्टर पाहिजेत, पण हक्काचे

जुन्या कॉम्प्युटरांबद्दल लिहायला लागल्यापासून स्क्रीनसेव्हरची, म्हणजे कॉम्प्युटरला हात लावला नाही की स्क्रीनवर आपोआप सुरू होणाऱ्या चित्रांची, विचारणा लई यायला लागलीय, म्हणून आज फक्त तेवढेच प्रश्न घेतो.

प्रश्न (शाहूपुरी): सर, पप्पांचा जुना 486 कॉम्प्युटर माळ्यावरनं काढला आणि चक्क विंडोज 3.1 सुरू झालं! लहानपणी बघितलेले ते पंखवाले टोस्टर परत लावायचेत. नेटवर एके ठिकाणी फुकट डाऊनलोड दिसतंय, 'अबँडनवेअर' लिहिलंय. घेऊ का?

दादा, मशीन चालू झालं हेच लई मोठं काम झालं. पण डाऊनलोडचं जरा थांबा. ते टोस्टर म्हणजे बर्कले सिस्टिम्स कंपनीच्या आफ्टर डार्क नावाच्या स्क्रीनसेव्हरमधले, ते 1989 ला आधी मॅकवर आलं आणि मग विंडोजवर. हे तेव्हा दुकानात डब्यात विकत मिळायचं, फुकट कधीच नव्हतं. 'अबँडनवेअर', म्हणजे मालकानं वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, हा शब्द लोकांनी काढलाय, कायद्यात असलं काही नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराईट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यात धरलाय आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, कंपनी विकली गेली तरी हक्क संपत नाही, तो दुसऱ्याच्या नावावर जातो, जसं घर विकलं म्हणून रिकामं घर कुणाचंबी होत नाही तसं. आणि या टोस्टरांसाठी तर बर्कले कोर्टात गेली होती, डेलरिना कंपनीनं आपल्या स्क्रीनसेव्हरमध्ये पंखवाले टोस्टर दाखवले म्हणून, 1993 ची गोष्ट, डेलरिना हरली आणि तिला पंख काढून प्रोपेलर लावायला लागले.

मग करायचं काय? जुना ओरिजिनल डबा सेकंडहँड विकत घ्या. घेताना फक्त फ्लॉपीचा फोटो बघून पैसे देऊ नका, मॅन्युअल आणि लायसनचा कागद सोबत आहे का विचारा, आणि साईज बघा, साडेतीन इंची का सव्वापाच इंची, कारण आता मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राईव्ह फक्त साडेतीन इंची वाचतात. फ्लॉपी हातात आली की पहिल्यांदा शटर सरकवून उजेडात धरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशी येते, पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राईव्हमध्ये घालूच नका, ड्राईव्हचं हेड घाण होतं आणि मग पुढची चांगली फ्लॉपी पण खराब होते. माझ्या तीन फ्लॉप्या अशा गेल्यात, अजून वाईट वाटतं. चांगली असेल तर पहिलं काम, राईट प्रोटेक्टची खिट्टी सरकवा, म्हणजे चुकून काही पुसलं जात नाही, आणि पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे कॉम्प्युटरवर हुबेहूब कॉपी, काढून ठेवा. तुमच्याकडं ओरिजिनल असताना ती खराब झाली किंवा हरवली तर असावी म्हणून बॅकअप ठेवायला कायद्याच्या कलम 52 मध्ये परवानगी आहे. पण ती इमेज मित्रांना वाटायची नाही.

प्रश्न (गडहिंग्लज): घरात जुनी सीडी आहे, त्यावर शेकडो स्क्रीनसेव्हर आहेत, बऱ्याच ठिकाणी 'शेअरवेअर' लिहिलंय. हे तरी वापरायला चालतंय का?

काही चालतील ताई, काही नाही. बहुतेक फोल्डरमध्ये लेखकाच्या सूचनांची रीडमी फाईल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून नीट वाचा. फ्रीवेअर म्हणजे हक्क लेखकाचाच पण वापर फुकट. शेअरवेअर म्हणजे ठरलेले दिवस वापरून बघा आणि मग पैसे भरा, पण झिप जशीच्या तशी, काही न काढता, दुसऱ्याला द्यायला बहुतेक लेखक परवानगी देऊन ठेवायचे. पब्लिक डोमेन लिहिलं असेल तर मोकळं. मी पण कॉलेजला असताना एका दुकानातनं अशीच सीडी घेतली होती, घरी येऊन बघितलं तर सगळ्या रीडमी उडवलेल्या, मूळ लेखकाचं नाव सुद्धा नाही. ज्या माणसानं रात्र रात्र जागून ते लिहिलं त्याचं नावच पुसून टाकायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. रीडमी नसलेला प्रोग्रॅम असेल तर बाजूलाच ठेवा.

प्रश्न (शिवाजी उद्यमनगर): वर्कशॉपमध्ये एका मशीनला डॉसवाला (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांची सिस्टिम) पीसी आहे, दिवसभर तोच मेनू असतो, मॉनिटर बंद केला तरी अक्षरं दिसतात. डॉसला स्क्रीनसेव्हर मिळेल का?

चोरी झाल्यावर वाड्याला कुलूप लावल्यासारखं झालं मालक, जी अक्षरं दिसताहेत ती जळलेलीच आहेत. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये आतल्या बाजूला फॉस्फर असतो, एकाच जागी सारखा उजेड पडला की तिथला फॉस्फर लवकर झिजतो, ते परत येत नाही. स्क्रीनसेव्हर निघाले ते याच कारणासाठी. जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी स्क्रनसेव्ह नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि डिसेंबर 1983 ला तो सॉफ्टटॉक मासिकात छापून आला, 3 मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की स्क्रीन काळी, एवढंच काम. डॉसवर फाईली हाताळायचा नॉर्टन कमांडर लिहिणारे पण हेच सोचा.

पण तुमच्या मशीनवर मी काही टाकणार नाही. असले प्रोग्रॅम मेमरीत बसून राहतात आणि टायमरला चिकटतात, आणि तुमचं मशीन पण टायमिंगवरच चालतंय, मधेच जॉब बिघडला तर नुकसान मोठं. ब्राईटनेस कमी करा, जेवायला जाताना मॉनिटरचं बटण बंद करा, पीसी चालूच राहू दे. तरी प्रयोग करायचाच असेल तर दुसऱ्या भंगारातल्या पीसीवर करा, डॉस पण हक्काचं मिळतं, फ्रीडॉस फुकट आहे आणि एमएस-डॉस 4.0 चा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मायक्रोसॉफ्टनं 2024 ला एमआयटी लायसनखाली, म्हणजे कुणालाही वापरायची मोकळीक देऊन, खुला केलाय.

प्रश्न (राजारामपुरी): बेटावरच्या जॉनीचा स्क्रीनसेव्हर विंडोज 11 वर का चालत नाही?

जॉनी कास्टअवे 1992 चा, सिएरा कंपनीचा, 16 बिट, म्हणजे जुन्या विंडोजसाठी लिहिलेला. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं आणि 64 बिट विंडोज 16 बिट प्रोग्रॅम घेतच नाही. नव्या मशीनवर जुना डॉस पीसी उभा करणारा डॉसबॉक्स प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात विंडोज 3.1 टाकून चालतो, पण ते विंडोज आणि जॉनी दोन्ही तुमच्या ओरिजिनल फ्लॉपीवरनं पाहिजेत. तो पण विकायचाच प्रोग्रॅम होता.

प्रश्न (कागल): मित्रानं व्हॉट्सॲपवर पाईपवाला स्क्रीनसेव्हर पाठवलाय, फाईलच्या शेवटी एससीआर आहे. उघडू का?

नको भावा, अजिबात नको. एससीआर म्हणजे नुसतं चित्र नाही, तो पूर्ण प्रोग्रॅम असतो, ईएक्सईचंच नाव बदललेलं, व्हायरस पाठवायची ही लई जुनी वाट आहे. पाईप आणि तसलं बरंच काही एक्सस्क्रीनसेव्हर नावाच्या संग्रहात मिळतं, जेमी झाविन्स्की 1992 पासून ते बनवताहेत, फुकट आहे आणि सोर्स खुला आहे. लिनक्स आणि मॅकवर चालतं, त्यांची स्वतःची विंडोज आवृत्ती नाही, म्हणून त्या नावानं विंडोजसाठी कुणी काही दिलं तर ते पण उघडू नकोस. तुझा जुना लॅपटॉप पडून असेल तर लिनक्स टाक, त्याच्या सॉफ्टवेअर स्टोअरमधनंच एक्सस्क्रीनसेव्हर घे. त्यात उडते टोस्टर पण आहेत, शाहूपुरीच्या दादांना सांग, डबा मिळेपर्यंत तेवढं बघत बसा.