तिच्या पगाराची तारीख

ताई, मी वसईची, वय ४१, एका शाळेत क्लार्क. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना), महिन्याला पापनिवेदन, रोज सकाळी जपमाळ, सगळं करते, पण मन कशातच नाही. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं लावदिकीया शहराच्या मंडळीला लिहिलेलं वाचलं की वाटतं, हे आपलंच वर्णन: ऊन नाही, थंड नाही, कोमट. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पाच संकल्प केले: मोबाइल कमी, गोड बंद, रोजची मिस्सा, बायबलचा रोज एक अध्याय, रात्री गुडघ्यांवर प्रार्थना. दुसऱ्या आठवड्यात एकही उरला नाही. नवरा थट्टा करतो. सकाळी जपमाळेला बसावं तर नेमकी कामवाली बेल वाजवते, तिचा पगार राहिलेला असतो, दर महिन्याला आठ-दहा तारीख होतेच, आणि लागलेलं ध्यान मोडतं. केरळला रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) जाऊन आले तेव्हा पंधरा दिवस बरं वाटलं. पुन्हा जाऊ? की जपमाळच थांबवू?
– कोमट

कोमटबाई,

नवऱ्याचं राहू द्या. "दर महिन्याला आठ-दहा तारीख होतेच" हे तुम्ही दोन स्वल्पविरामांच्या मध्ये उरकलंत आणि तक्रार केलीत बेलची! तुमचा स्वतःचा पगार तीन दिवस लांबला तर शाळेच्या ऑफिसात काय बोलणं होतं, ते आठवा. तिला मात्र दारात उभं राहून मागावा लागतो, तोही तुमची जपमाळ चालू असताना.

लावदिकीयाचं सोळावं वचन तुम्हाला पाठ आहे. सतरावं वाचा. ती माणसं कोमट का, ते तिथे आहे: मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही, असं ती म्हणत होती. मग बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २४वा अध्याय काढा, १४ आणि १५ वचनं. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी पोहोचते. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणीच्या ग्रंथात, १८६७ क्रमांकाखाली स्वर्गाकडे आक्रोश करणारी पापं दिली आहेत. भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्ताच्या पंक्तीत मजुरावरचा अन्यायही बसवलेला आहे. तुम्ही पैसे बुडवत नाही, उशिरा देता, हे मला समजतं. पण तिचं घरभाडं आणि किराण्याची उधारी तुमच्या विसरण्यासाठी थांबत नाहीत. मधले दहा दिवस ती कुणाकडून तरी उसने घेते, कदाचित व्याजाने.

तेव्हा रिट्रीट नको. एकच काम करा.

तुमचा पगार जमा होईल त्याच दिवशी तिची रक्कम काढून पाकिटात घाला. हे 'विसरणं' बहुतेक वेळा रोकड घरात नसल्यामुळे होतं, किंवा सुट्टे नसल्यामुळे. म्हणून पाचशेच्या नोटांबरोबर शंभरच्याही आणा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, काम संपवून ती चप्पल घालायच्या आधी, मागायची वेळ न आणता हातात द्या. तो रविवार किंवा तिच्या सुट्टीचा दिवस असेल तर आदल्या दिवशी. आजारपणाच्या खाड्यांचे पैसे कापू नका. उचल वळती करायची असेल तर किती आणि कधी, ते आधी तिच्याशी बोला.

मागच्या उशिराचं काय? फादरांकडे जाऊन सांगाल, पापक्षमा मिळेल. पण दुसऱ्याचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्यायचं, हा पापनिवेदनाचाच भाग आहे. तिला सरळ विचारा, "माझ्यामुळे तुला कुठे व्याज भरावं लागलं का?" ती आकडा सांगेल तो द्या. नाही म्हणाली तरी "माझं चुकलं" एवढं म्हणाच. जुनी साडी किंवा नाताळची करंजी देऊन हे भागत नाही. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो. तुमच्या बाबतीत वेदीपासून दारापर्यंत जायचंय, बस.

आता ते पाच संकल्प. पाच होते म्हणूनच बुडाले. संत इग्नेशियस लोयोला एका वेळी एकच दोष हाती घ्यायला लावतात: सकाळी उठताना त्याची आठवण, दुपारी आणि रात्री हिशेब, आणि जितक्या वेळा चूक तितके ठिपके वहीतल्या ओळीवर. दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी ताडून बघायची, हा आठवडा मागच्याशी. तुमची पहिली ओळ 'दुसऱ्याला ताटकळत ठेवणं' ही असू दे. पगार महिन्यातून एकदाच येतो. पण ऑफिसच्या खिडकीशी दाखल्यासाठी उभे असलेले पालक रोज असतात ना?

जपमाळ थांबवायची नाही. मन कोरडं असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्याच संतांचा नियम आहे. उलट, कंटाळा आला की ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसा, असं ते सांगतात. जपमाळेची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) म्हणून झाली आणि उठावंसं वाटलं की आणखी एक मिनिट. संत लहानग्या तेरेझाला तर प्रार्थनेत झोप लागायची. ती चोविसाव्या वर्षी वारली आणि १९९७ मध्ये तिला ख्रिस्तसभेची आचार्या, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, म्हणून घोषित केलं गेलं. ध्यान लागणं हा निकष असता तर हे झालं नसतं.

तुमच्या पत्रावर २४ तारीख आहे. या महिन्याचा पगार तिला मिळाला की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिचं नावही नाही. पुढच्या पत्रात दोन्ही कळवा.