‘उणे पाऊण’ मोठं की लहान?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगा सातवीत, सेमी-इंग्रजीत. −२/३, ५/८, −३/४, १/२ या संख्या चढत्या क्रमाने लिहायच्या होत्या. मुलानं −२/३ आधी लिहिली, −३/४ नंतर. आजोबांनी दुजोरा दिला, “पाऊण मोठंच की!” वहीत मात्र फुली आली. आईला गणित समजलं आहे, तिची अडचण शब्दांची आहे. अशा ठिकाणी ‘लहान-मोठी’ म्हणावं की ‘कमी-जास्त’? त्या आडव्या रेघेला उणे म्हणावं, ऋण की वजा? आणि ‘परिमेय’ म्हणजे नेमकं काय?

परीक्षेत ‘लहान-मोठी’च लिहू द्या, पुस्तकाची भाषा तीच आहे. घरी शिकवताना मात्र, निदान सुरुवातीला, मी ‘कमी-जास्त’च्या बाजूचा. कारण आपला ‘मोठा’ हा शब्द फार कामं अंगावर घेतो. मोठं घर, मोठा आवाज, मोठा भाऊ, मोठा माणूस. पहिल्या दोहोंत आकार किंवा जोर आहे, तिसऱ्यात जन्माचा क्रम, चौथ्यात मान. संख्या धन आहेत तोवर आकार आणि क्रम यांचं भांडण नसतं. पाच हे दोनपेक्षा आकारानंही मोठं आणि क्रमानंही पुढचं. शून्याच्या डावीकडे गेलं की दोघांची फारकत होते. पाऊण हे दोन तृतीयांशापेक्षा मोठं, इथवर आजोबांचं काहीच चुकलेलं नाही. दोघांना उणे लावलं की आकार तसाच राहतो आणि क्रम उलटतो. मुलगा आकार पाहून उत्तर देतो, शिक्षिका क्रम विचारत असतात, आणि दोघांच्याही तोंडी शब्द एकच: ‘मोठी’.

आकारासाठी गणितानं वेगळा शब्द राखून ठेवलेला आहे, ‘केवल मूल्य’. पण तो भेटतो पुढच्या इयत्तांमध्ये, आणि घोटाळा होतो सातवीत.

गंमत म्हणजे निव्वळ क्रम सांगणारी जोडी घरगुती मराठीत आहेच: थोरला आणि धाकटा. धाकटा दहावीपर्यंत थोरल्याच्या डोक्यावरून गेला तरी कोणी त्याला थोरला म्हणत नाही. −३/४ ही −२/३ ची धाकटी बहीण, फक्त अंगानं थोराड. हे शब्द उत्तरपत्रिकेत लिहिता येणार नाहीत, पण मुलाला एकदा सांगून पाहायला हरकत नाही.

‘कमी’चा फायदा तापमानात लगेच दिसतो. “लेहला उणे बारा आणि द्रासला उणे वीस, कुठलं तापमान कमी?” असं विचारा, चौथीतलं पोरही द्रास म्हणेल. तेच “उणे बारा आणि उणे वीस यांत लहान संख्या कोणती?” असं विचारलं की मोठी माणसंसुद्धा क्षणभर थबकतात. गणित तेच, संख्या त्याच. मग अडखळतं कुठे? आपल्याकडे हिवाळ्यात निफाडच्या बातम्या येतात: “पारा उतरला, थंडी वाढली.” एकाच वाक्यात उतरणं आणि वाढणं! द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण उतरतो तो पारा आणि वाढते ती थंडी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. −२० ला −१२ पेक्षा मोठी म्हणणारं मूल खरं तर थंडी मोजत असतं. त्याला एवढंच विचारायचं की तू पारा सांगतोयस की थंडी?

आता ती आडवी रेघ. माझ्या मते तिन्ही शब्द हवेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत. ‘ऋण’ ही संख्येची जात: ऋण संख्या, धन संख्या. ही जोडी जुनी आहे, ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात या दोन शब्दांनिशीच अशा संख्यांचे बेरीज-गुणाकाराचे नियम दिले. ‘वजा’ ही क्रिया: आठ वजा तीन. शब्द अरबी, त्याच्या शेजारची ‘बाकी’ही अरबी, आणि दोघी मिळून झालेली वजाबाकी अस्सल मराठी. ‘उणे’ हे वाचन: −३ म्हणजे उणे तीन. ‘वजा तीन’ म्हटलं की मूल विचारणार, कशातून वजा? तो प्रश्न ‘उणे’ने टळतो. वर्गात सर्रास ‘मायनस’ चालतं आणि ते क्रियेलाही चालतं आणि संख्येलाही, म्हणजे जो भेद मराठीला फुकट मिळाला होता तो आपण हातानं पुसला. मी मायनसविरोधी मोहीम वगैरे काढणार नाही, पण ‘उणे’ जगावं असं मनापासून वाटतं. “काही अधिक-उणं बोललो असेन तर माफ करा” म्हणणाऱ्या भाषेला हा शब्द शिकवावा लागत नाही.

शिवाय तो आपण रोज, नकळत, उच्चारतो. ‘पाऊण’ म्हणजे मुळात पादोन: पाद अधिक ऊन, पावानं उणं. एकाला पाव कमी. पावणेदोन म्हणजे पावानं उणे असलेले दोन. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तोच ‘ऊन’ लपलेला आहे: एकानं उणे वीस, एकानं उणे तीस. थोडक्यात, आजोबा ज्याला नुसतं पाऊण म्हणाले त्यात एक उणे आधीच होतं. ‘उणे पाऊण’ म्हणताना आपण दोनदा उणे म्हणतो, आणि ही दोन उणी एकमेकांना खोडत नाहीत. पहिलं शून्यापासून डावीकडे नेतं, दुसरं फक्त एकाला पाव कमी असल्याचं सांगतं.

आजोबांच्या पिढीचं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायचं. त्यापुढे औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन हा चढता क्रम त्यांना छेद समान न करता येतो. छेदच नाही तर समान काय करणार? भाजीवाल्याशी बोलताना आपणही तो वापरतोच. या शब्दांचं राज्य मात्र चारच्या छेदापाशी संपतं. २/३ ला, ५/८ ला असं घरगुती नाव नाही. तिथे ‘दोन तृतीयांश’, ‘पाच अष्टमांश’ असं संस्कृताकडे जावं लागतं, किंवा ‘दोन छेद तीन’, किंवा हल्ली ऐकू येतं तसं ‘दोन बाय तीन’, ‘दोन अपॉन तीन’. आजोबांची पाऊणशी ओळख होती, दोन तृतीयांशाशी नव्हती.

अपूर्णांकांच्या मराठी संज्ञा मला फार आवडतात, त्या उगीच जड वाटतात एवढंच. ‘अंशाधिक अपूर्णांक’ म्हणजे ज्याचा अंश छेदाहून अधिक. ‘छेदाधिक’ म्हणजे उलट. नावातच तुलना झालेली आहे. धन संख्या असेल तर छेदाधिक म्हटल्याबरोबर ती एकापेक्षा कमी हे कळलं. सात तृतीयांश आणि सात नवमांश यांत मोठा कोणता, हे गुणाकार न करता नावावरून सांगता येतं. (हिंदीत छेदाला ‘हर’ म्हणतात. हिंदी शिकवण्या पाहणाऱ्या मुलांचा इथे गोंधळ होतो, तेवढं सांगून ठेवा.)

‘समच्छेद’ हा शब्द तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतला, म्हणजे ११५० सालचा. एकमेकांच्या छेदानं अंश-छेदांना गुणायचं, की दोघांचे छेद सारखे, हीच तिथली रीत. तिरका गुणाकार म्हणून आज शिकवतात तो त्याचाच आटोपशीर अवतार: समान झालेला छेद लिहायचा नाही, फक्त नवे अंश पाहायचे. −२/३ आणि −३/४ घ्या. −२ × ४ = −८ आणि −३ × ३ = −९. उणे नऊ कमी, म्हणून −३/४ कमी. चारही संख्यांना २४ छेद दिला तर अंश येतात −१६, १५, −१८, १२. म्हणजे चढता क्रम −३/४, −२/३, १/२, ५/८. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं पाटण इथे मठ काढल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. पाटण चाळीसगाव तालुक्यात, आपल्याच नाशिक विभागात. नाशिकरोडहून भुसावळकडे जाताना चाळीसगाव लागतं, तेव्हा मुलाला जरूर सांगा की समच्छेद इथे जवळच शिकवला जायचा.

दशांश अपूर्णांकांत एक वेगळाच घोळ बोलण्यातून येतो. ०.१२५ आणि ०.५ यांत मोठा कोणता? “पॉइंट एकशे पंचवीस” असं वाचलं की पाच बिचारे दिसेनासे होतात. “शून्य दशांश चिन्ह एक दोन पाच” असं सुटं वाचलं तर पहिल्याच घरात एक आणि पाच समोरासमोर येतात आणि निकाल लागतो. पैशांत आपण ‘पन्नास पैसे’ म्हणतो, त्यामुळे दोन घरांपर्यंत निभावतं. तिसरं घर आलं की नाही.

चिन्ह वाचण्याचंही तसंच. ३ < ५ इंग्रजीत डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं, चिन्ह मध्ये आणि क्रियापदही मध्येच. मराठीत “तीन हे पाचपेक्षा लहान” म्हणताना मधलं चिन्ह सोडून आधी पाचपर्यंत जायचं आणि मग परत मागे येऊन ‘लहान’ म्हणायचं. सेमी-इंग्रजीतली मुलं चिन्ह पाहताच शब्द उच्चारतात: “तीन लहान… पाच”, आणि कोण कोणापेक्षा लहान ते हवेतच राहतं. ‘पेक्षा’ हा त्या वाक्याचा कणा आहे, तो गाळू देऊ नका. आणि ‘मोठा’ की ‘मोठी’ की ‘मोठं’, असंही कोणी विचारतं: अपूर्णांक मनात असेल तर मोठा, संख्या असेल तर मोठी, नुसतं पाऊण म्हटलं तर मोठं. तिन्ही शुद्ध, फक्त एका वाक्यात एकच.

‘चढता’, ‘उतरता’ या शब्दांबद्दल नाशिककरांना काय सांगायचं! पावसाळ्यात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, असं आपण मोजतो. पाणी चढलं, पाणी उतरलं हीच भाषा. चढता क्रम म्हणजे खालून वर, आणि संख्यारेषेवर डावीकडून उजवीकडे. सुरुवात सर्वांत खालच्या पायरीवरून, शून्यावरून नव्हे. मुलं शून्याजवळच्या ऋण संख्येपासून सुरुवात करतात, तिथेच फसतात.

‘परिमेय’ थोडक्यात. ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून मेय, परिमेय. परिमाण त्याच घरचं. मोजता येण्याजोगी, ती परिमेय. दोन पूर्णांकांच्या भागाकारानं जी मांडता येते (छेद शून्य नको), ती. इंग्रजी रॅशनल हे रेशोवरून, गुणोत्तरावरून आलं आहे. ते विसरून यंत्रं कधी कधी ‘तर्कसंगत संख्या’ असं भाषांतर करतात, त्याकडे दुर्लक्ष करा. या संख्यांना ‘पुढची’ किंवा ‘लगतची’ हे शब्द लावता येत नाहीत, एवढं मात्र ध्यानात असू द्या. पाचच्या पुढचा पूर्णांक सहा. −३/४ च्या पुढची परिमेय संख्या कुठलीच नाही. −३/४ आणि −२/३ यांच्यामध्येही −१७/२४ बसलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आणखी अगणित.

राहिलं वाचनातलं एक खटकणारं. ‘उणे तीन छेद चार’ म्हटल्यावर उणे कोणाचं, तिनाचं, चाराचं की सगळ्या अपूर्णांकाचं? किमतीच्या दृष्टीनं फरक नाही, तिन्ही एकच. पण तिरक्या गुणाकारात फरक पडतो. ३/(−४) आणि (−२)/३ घेऊन तसंच गुणलं तर ३ × ३ = ९ आणि −२ × −४ = ८ येतात, आणि पहिली संख्या मोठी ठरते, जे साफ खोटं. रीत चालते ती दोन्ही छेद धन असतानाच. म्हणून उणे आधी अंशाकडे न्यायचं, मग गुणायचं. आणि वाचतानाही ‘उणे तीन, छेद चार’ असं तिनापाशी किंचित थांबून वाचायचं.